क्षमेची सुई

लशीचं नाव 'क्षमा' ठेवलंय हे कळलं तेव्हाच माझं डोकं फिरलं. कोणी कोणाला क्षमा करायची, हे त्या नावात कुठेच स्पष्ट होत नव्हतं. पण आमच्या 'त्रिदल रिसर्च'चे संचालक डॉ. अभिराम सोवनी सभागृहातल्या पडद्यावर ते नाव झळकताना असे काही फुलले होते, की बारसं त्यांच्याच घरचं असावं.

"आजपासून त्रिदलमध्ये कोणालाही पुरळ येणार नाही," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मी हाताची घडी घालून बसले होते, तशीच बसून राहिले.

मी हेमांगी घाग. चिपळूणजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या या प्रयोगशाळेची मी सुरक्षाप्रमुख. म्हणजे दिवसभर शिकल्यासवरलेल्या लोकांच्या मागे लागून त्यांना हातमोजे आणि चष्मे घालायला लावायचे आणि त्याबद्दल त्यांची बोलणी खायची. माझ्यामागे मला 'फौजदारीण' म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. माझी जीभ तिखट आहे हे मलाही मान्य आहे, पण गोड बोलून कोणी हातमोजे घातल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

आमच्याकडे प्रथिनांना रासायनिक खुणा लावायचं काम चालतं. त्यासाठी जे रसायन लागतं त्याचं नाव डायनायट्रोफ्लुओरोबेंझीन. उच्चारताना जिभेला गाठ पडते, म्हणून सगळे त्याला 'पिवळी' म्हणतात. बेंझीनचं सहा कार्बनचं कडं, त्यावर दोन नायट्रो गट आणि एक फ्लुओरीन. हा फ्लुओरीन जागा सोडायला कायम एका पायावर तयार असतो. तो सुटला, की उरलेला रेणू समोर येईल त्या प्रथिनाला घट्ट चिकटतो. परीक्षानळीत आम्हाला नेमकं तेच हवं असतं. पण माणसाची कातडीही प्रथिनांचीच असते, आणि नळी कुठली नि कातडी कुठली हे पिवळीला कळत नाही.

पहिल्या भेटीत बहुधा काहीच होत नाही. थोडा पिवळा डाग पडतो, तो कातडीबरोबर झिजून जातो. पण तेवढ्यात शरीराची पहारेकरी मंडळी तिचा चेहरा पाहून ठेवतात, आणि मग जन्मभर विसरत नाहीत. पुढच्या वेळी नखावर मावेल इतकी जरी लागली, तरी दुसऱ्या दिवशी कातडी लालबुंद होते, फोड येतात आणि जीव नकोसा करणारी खाज सुटते. मला नोकरीच्या सुरुवातीलाच हा प्रसाद मिळाला. तेव्हापासून पिवळी कुठे सांडली असेल, तर ते यंत्रांच्या आधी माझ्या हाताला कळतं.

क्षमा या पहारेकऱ्यांनाच गप्प करायची. पिवळी चिकटलेल्या प्रथिनाचे बारीक तुकडे चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून रक्तात सोडायचे. ते यकृतात जातात, आणि यकृताची रीत अशी, की आपल्या दारात निवांत आलेल्याला ते परका मानत नाही. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवावं, की हा पाहुणा घरचाच आहे, अडवू नकोस, तसं ते सगळ्या शरीराला कळवतं. काही आठवड्यांत पुरळ बंद होते. सहा महिन्यांनी बूस्टर घ्यायचा, नाहीतर पहारेकरी पुन्हा जागे होतात. विज्ञान म्हणून सुंदरच. ज्याने शोधलं त्याला माझा नमस्कार आहे.

पण वॉचमन गप्प बसला म्हणून चोर काही साधू होत नाही. पिवळी कातडीतून आत शिरते ती शिरतेच. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लोहाला ती असं काही बिघडवते, की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. याचा पुरळीशी काडीचा संबंध नाही, आणि हे लगेच दिसतही नाही. काही तास जातात. माणूस हसतखेळत घरी पोचतो आणि मग ओठ निळे पडू लागतात. पुरळ त्रासदायक खरी, पण ती ओरडून सांगते, की बाई गं, तुझ्या हाताला काहीतरी लागलंय. तिचंच तोंड बंद केलं तर सांगणार कोण?

हे मी सभेत उभी राहून विचारलं. सोवनी हसले. "घाग मॅडम, हवेतल्या सेन्सरचं वाचन शून्य आहे. तुम्ही यंत्रावर विश्वास ठेवा, खाजेवर नको."

"सर, पिवळी हवेत उडत नाही. ती टेबलावर पसरते. टेबलाला नाक लावून कुठला सेन्सर बसतोय?"

लोक हसले. माझ्यावर की सोवनींवर, ते त्यांचं त्यांना माहीत.

मी लस घेतली नाही. बाकी सगळ्यांनी घेतली, आणि त्यात माझी ओवीही होती.

ओवी माझ्या दादाची मुलगी. एम.एस्सी. झाल्यावर माझ्याच आग्रहाने त्रिदलमध्ये लागली. पोरगी हुशार, हाताची स्वच्छ, पण दिवाळीनंतर तिला पिवळी लागली, आणि साखरपुड्याच्या दिवशी तिच्या पापण्या इतक्या सुजल्या, की फोटोत ती झोपल्यासारखी दिसते. निहारच्या घरच्यांनी चकार शब्द काढला नाही. चांगली माणसं आहेत ती. पण त्या फोटोंनी ओवीच्या मनात कायमचं घर केलं.

लस घेऊन आल्यावर ती कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसली. मी तिच्याकडे न बघता आमटी ओरपत राहिले.

"बोल ना आत्या. शिव्या तरी घाल."

"तुझा दंड, तुझी सुई. मी काय बोलायचं?"

"तुला काय हवंय? माझं लग्नही सुजलेल्या तोंडानं व्हायला हवंय?"

"मला तू हवीस," मी म्हटलं. "तोंड कसंही चालेल."

"तुला बोलायला सोपं आहे. तुला कोणाला तोंड दाखवायचं नाही." असं बोलून गेल्यावर तिची तीच चपापली. मी लग्न केलेलं नाही, हे तिने असं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी ताट उचललं आणि उठले. मला लागलं, चांगलंच लागलं. पुढचे काही महिने आमच्यात कामापुरतं बोलणं उरलं.

त्या काही महिन्यांत त्रिदलमध्ये काय झालं ते मी रोज पाहत होते. पिवळीसाठी दोन हातमोजे लागतात. आत जाड पदराचा, वर नेहमीचा रबरी, कारण नुसत्या रबरी मोज्यातून ती थोड्याच वेळात आरपार जाते. आधी पुरळीच्या भीतीने लोक दोन्ही घालत. आता आतला गेला. मग तोच वरचा मोजा दिवसभर हातात राहू लागला, त्याच हाताने दाराची मूठ, त्याच हाताने फोन. बाटली बर्फात ठेवून, धूरकपाटाच्या, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटाच्या आत, खाली ताटली घेऊनच उघडायची असा माझा नियम होता. त्याचं कारण साधं आहे. पिवळी सव्वीस अंशांच्या आसपास वितळते. थंडीत ती खडीसाखरेसारखी बसून असते, आणि उकाड्यात तिचं तेल होऊन झाकणाच्या आट्यांतून बाहेर पाझरतं. आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात 'हरित धोरण' म्हणून सोवनींनी साऱ्या इमारतीचा एसी सत्तावीसवर कुलूपबंद केला. मी भांडले. ते म्हणाले, "कोणाला पुरळ आलीय का? दाखवा." कोणालाच आली नव्हती. मला आली होती, पण माझी मोजत नाहीत. "तुम्ही बूस्टरच्या दिवशी लस घ्या," ते म्हणाले, "नाहीतर त्यानंतर प्रयोगशाळेत पाऊल ठेवता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा."

ओवीची हळद होती त्या दिवशीही ती सकाळी कामावर आली होती. एक प्रयोग अर्ध्यावर होता, दुसऱ्याच्या हाती द्यायला जीव होत नव्हता. दुपारी घरी गेली, आंघोळ केली, आणि चारच्या सुमारास पाटावर बसली. आम्ही सगळ्यांनी तिला हळद लावली. मीही लावली. तिच्या गालाला हात लावताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "गप, हळद वाहून जाईल." आमचं भांडण तिथेच मिटलं. आमच्या घरात माफी अशीच मागतात.

खरं तर चुडा हळदीच्या आधी भरायचा. पण कासारीण शेवंताकाकू उशिरा आल्या. त्यांची गाडी बहादूरशेख नाक्यावर अडकली होती. तेव्हा हळद उतरवून, हात धुऊन ओवी चुड्याला बसली. ती दमलेली दिसत होती. डोकं जड झालंय म्हणाली. दादा म्हणाला, सकाळपासून काही खाल्लं नाहीये, दुसरं काय. तिने लिपस्टिक लावली होती, त्यामुळे ओठांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही.

बांगडी सरकावी म्हणून शेवंताकाकूंनी तिच्या हाताला साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हळदीला चुन्यानं लाल करूनच तर कुंकू करतात. ओवीच्या दंडावर, कोपरावर लगेच लालसर फेस आला. मनगटापाशी आला. पण बोटांवर आणि तळव्यावर फेस पांढराच राहिला, आणि त्याखालची कातडी पिवळीची पिवळी.

"अगो बाय माझे," शेवंताकाकू म्हणाल्या, "ही कसली हळद गो तुमची? वरती लाल होत्येय नि खाली होतच नाय. बाजारची असंल."

मी पुढे होऊन ओवीचा हात माझ्या हातात घेतला. पुन्हा साबण चोळला. जोरात चोळला. फेस पांढरा. दोन्ही हात बरोबर मोज्याच्या आत असतात तेवढेच पिवळे होते. अख्ख्या घराने ती हळद समजून कौतुक केलं होतं.

"ओवी, आज आतला मोजा घातला होतास?"

"नाही गं आत्या, आता कोण घालतं? घामच आला होता मोज्यात. ओलं ओलं लागत होतं."

"तो घाम नव्हता."

मी माझ्या पदराने तिची लिपस्टिक पुसली. खाली ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. मी दादाला ओरडून गाडी काढायला सांगितलं, आणि गाडी येईपर्यंत मोरीत तिचे हात साबणाने धूत राहिले. माझ्या स्वतःच्या हातांना काय होणार ते मला माहीत होतं. होऊ दे म्हटलं. मुंडावळ्या, पाट, ओली हळद, सगळं तिथेच टाकून आम्ही निघालो.

दवाखान्यात डॉ. नाझनीन मुकादम ड्यूटीवर होत्या. वयाने ओवीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी बोटाला यंत्र लावलं, आकडा पंच्याऐंशी दाखवत होता. प्राणवायूचा मास्क लावला, तरी आकडा हलेना. "दम्याचा त्रास आहे का? लग्नाचं टेन्शन?" त्यांनी विचारलं.

मी एका दमात सांगितलं. रसायनाचं नाव, किती वेळ हातावर होतं, रक्ताला काय करतं. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. सुईने रक्त काढलं आणि उजेडात धरलं. ते लाल नव्हतं. वितळलेल्या चॉकलेटसारखं तपकिरी होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मेथिलीन ब्लू काढा, लवकर," आणि धावल्या. निळंशार औषध ओवीच्या शिरेत जाताना दादा भिंतीला डोकं टेकून उभा होता. मी त्याचा खांदा धरला होता.

हळूहळू तिच्या ओठांवर रंग आला. तोवर निहार आणि त्याची आईही येऊन पोचले होते. डोळे उघडून तिने निहारला पाहिलं आणि विचारलं, "मुहूर्त गेला का?"

"मुहूर्त काय, पुढच्या आठवड्यातही आहे," निहारची आई म्हणाली. "तू आधी श्वास घे."

दुसऱ्या दिवशी सोवनी फुलांचा गुच्छ घेऊन आले. सोबत कंपनीचे डॉक्टर. दोघांनी ओवीची विचारपूस केली, मग सोवनी दादाकडे वळून हळुवार आवाजात म्हणाले, "हळदीत हल्ली फार भेसळ असते. पिवळा रंग घालतात. त्यानेही असं होऊ शकतं. तुम्ही कुठून आणली होतीत?"

दादा गोंधळला. "वाण्याकडूनच... म्हणजे नेहमीच्याच..."

"बघा," सोवनी म्हणाले. "कंपनी उपचाराचं सगळं पाहील. फक्त नसते आरोप नकोत. ओवीला पुढे संस्थेत मोठं भवितव्य आहे."

माझा तोल सुटला. "सर, त्याच हळदीत आमच्या घरातल्या सगळ्या बायकांचे हात बुडाले होते. कोणाचे ओठ निळे झाले? आणि दंडाची हळद लाल होते, तळव्याची होत नाही, ही कसली भेसळ? मनगटावर थांबणारी?"

"मॅडम, तुम्ही भावनेच्या भरात आहात."

"आहेच. माझी भाची मरता मरता वाचलीय. भावना कधी आणायची मग?"

सोवनी गेले. ओवी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं, नोकरीला घाबरली. मला तिचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

माझे हात तोवर फुलून आले होते. दोन दिवस मी कामावर गेले ते हात बासनात गुंडाळल्यासारखे घेऊन. तेव्हाच मनात आलं, की साऱ्या त्रिदलमध्ये आता जागा असलेला वॉचमन एकच उरलाय, आणि तो माझ्या कातडीत आहे. मग त्यालाच साक्षीला का काढू नये?

मी डॉ. मुकादमांना भेटले. त्यांनी आधी मला वेड्यात काढलं, मग त्यांच्या ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलं. त्वचेची परीक्षा अशीच करतात, यात जगावेगळं काही नाही. संशयित वस्तूचा अंश छोट्या पट्टीवर घेऊन कातडीला चिकटवायचा आणि दोन दिवसांनी बघायचं. मी ओल्या कापसाने त्रिदलमधल्या जागा पुसून आणल्या. कॅन्टीनचं टेबल. पाण्याच्या कूलरचा नळ. हजेरीचं यंत्र. बायकांच्या खोलीतली कडी. सोवनींच्या केबिनची मूठसुद्धा. आणि तुलनेसाठी एक कापूस माझ्या घरच्या ओट्यावरून. सगळ्या पट्ट्या दोन्ही दंडांवर लावल्या. दुसऱ्या दिवसापासून मला झोप नव्हती. पट्ट्या निघाल्या तेव्हा घरच्या ओट्याच्या पट्टीखालची कातडी जशीच्या तशी, स्वच्छ होती. बाकी प्रत्येक चौकोन पेटलेला होता.

बूस्टरचा दिवस आला तोवर ओवीचं लग्न होऊन गेलं होतं. साधंच झालं, पण झालं. ती सासरहून थेट कामावर आली आणि गुमान सभागृहात जाऊन रांगेत पहिली उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

सगळे जमले होते. नर्स सुया मांडून बसली होती. मी बिनबाह्यांचा कुर्ता घालून गेले. आयुष्यात पहिल्यांदा. सरळ पुढे गेले आणि दोन्ही हात वर केले.

"बघून घ्या," मी म्हटलं. "हा कॅन्टीनच्या टेबलाचा चौकोन. तुम्ही जेवता ते टेबल. हा पाण्याच्या नळाचा. हा हजेरीच्या यंत्राचा, तिथे सगळेच रोज बोट लावता. हा सरांच्या दाराचा. सर, तुमचा सगळ्यात लाल आहे."

"हे बेकायदा आहे," सोवनी उठून म्हणाले. "परवानगीशिवाय नमुने घेतलेत तुम्ही. आणि एका बाईची ॲलर्जी म्हणजे शास्त्र नव्हे. सेन्सर—"

"सेन्सर हवा हुंगतो. पिवळी तुमच्या बोटांवर आहे," मी त्यांच्याकडे न बघता लोकांना म्हटलं. "तुम्हाला कळत नाही, कारण तुमचा पहारा झोपवलाय. ठीक आहे. पण हे हात घेऊन तुम्ही घरी जाता. घरी कोणाला टोचलीय क्षमा? तुमच्या पोरांना टोचलीय?"

मग मागून नितेश आंब्रे उठला. वजनकाट्यावर काम करणारा, शांत माणूस, कधी सभेत बोलत नाही.

"मॅडम," तो म्हणाला, "माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. तिच्या गालांवर, मानेवर चट्टे येतायत. आम्ही घामोळं समजून पावडर लावतोय. मी घरी गेलो की आधी तिलाच उचलतो..." त्याने आपले हात पुढे धरून पाहिले आणि चटकन पाठीमागे घेतले.

"नितेश, आजच तिला डॉक्टरकडे ने," मी म्हटलं. "मी येते बरोबर."

सोवनींनी आवाज चढवला. "भीती पसरवू नका! ज्यांना काम करायचंय त्यांनी पुढे या. लस घेतल्याशिवाय आजपासून कोणालाही प्रयोगशाळेत प्रवेश नाही. ओवी, बस खुर्चीत. तू सुरुवात कर, म्हणजे लोकांची भीती जाईल."

ओवी खुर्चीत बसली. तिने बाही वर सरकवली. हिरव्या चुड्यामुळे ती नीट सरकेना, तर तिने बांगड्या मागे ढकलल्या. नर्सने स्पिरिटचा बोळा फिरवला. इतकं सगळं होऊनही ही पोर घेणार, माझ्या डोळ्यांदेखत घेणार, आणि मी काही करू शकत नाही, कारण दंड तिचा आहे.

नर्सने सुई जवळ आणली तेव्हा ओवीने हात काढून घेतला.

"नको सिस्टर."

"ओवी!" सोवनी म्हणाले. "तुझी पुरळ परत येईल. तोंड सुजेल. लग्न आत्ताच झालंय तुझं, विचार कर."

"केलाय सर. दवाखान्यात पडून दुसरं काय करत होते?" ओवी उभी राहिली. "त्या दिवशी माझ्या हाताला आग लागली असती, तर मी मोजे काढून फेकले असते आणि हात धुतले असते. मला काहीच कळलं नाही. मी हसत हसत घरी गेले, हळदीला बसले, आणि माझ्या रक्ताचा चिखल होत होता. मला परत तसं काही न कळता मरायचं नाही. तोंड सुजलं तर सुजू दे. निहार बघून घेईल, त्याला मी विचारलंय."

"मग तुला प्रयोगशाळेत जाता येणार नाही."

"नाहीच जाणार. एसी खाली आणा. टेबलं, नळ, दारं धुऊन तपासून घ्या, आणि ते तपासायचं आत्या सांगेल तसं. जाड मोजे सगळ्यांना द्या. मग जाईन. आणि तुम्ही माझ्या रक्ताच्या तपासणीचा कागद दडपलात तर डॉक्टर मुकादमांकडे त्याची प्रत आहे, कारखाना निरीक्षकांकडेही ती आजच जातेय."

"एकट्या तुझ्याने काय होणार आहे?" सोवनी म्हणाले. ही मात्र त्यांची चूक झाली.

नितेश रांगेतून बाहेर पडला. त्याने वर केलेली बाही खाली ओढली आणि मनगटाशी बटण लावलं. त्याच्यामागून विश्लेषण विभागातल्या दोन मुली निघाल्या. मग कोण कोण निघालं ते मी नीट पाहू शकले नाही, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हातांनी पुसायची सोय नव्हती. काही जण रांगेतच राहिले, खाली माना घालून. त्यांना मी नावं ठेवणार नाही. प्रत्येकाची चूल वेगळी असते.

आम्ही बाहेर आलो. प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर लख्ख ऊन होतं. ओवी सगळ्यांत वरच्या पायरीवर, बरोबर दारासमोर बसायला गेली.

"थांब," मी ओरडले. "ती पायरी कोणी तपासलीय?"

ती वळली आणि खदाखदा हसली. कितीतरी महिन्यांनी मी तिचं तसं हसू ऐकलं. मग तिने आपला ॲप्रन काढला, उलटा करून पायरीवर पसरला आणि त्यावर मांडी घालून बसली. "ये," म्हणाली, "तुझ्यापुरती जागा आहे."

मी तिच्या शेजारी बसले. आत सोवनी फोनवर कोणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होते. बाहेर माणसं एकेक करून पायऱ्यांवर, कठड्यावर, गाड्यांच्या सावलीत बसत होती. कोणी उठायचं नाव घेत नव्हतं. माझे दोन्ही दंड निखाऱ्यासारखे जळत होते, खाजेने जीव जात होता, आणि खरं सांगते, इतकं बरं मला त्या इमारतीत कधीच वाटलं नव्हतं.